छत्तीस चौकोनांचं गाव

वहीचं एक कोरं पान घ्या. त्यावर सहा उभे, सहा आडवे असे छत्तीस चौकोन आखा. सापशिडीच्या डब्यातले दोन फासे आणि एक रुपयाचं नाणं जवळ ठेवा. एकेक चौकोन म्हणजे एकेक माणूस आणि हे पान म्हणजे आपलं गाव. आता कुठलाही एक चौकोन लाल पेन्सिलीने रंगवा. गावात फ्लूचा पहिला रुग्ण आला.

नियम तीनच आहेत. आजारी माणूस बरा होईपर्यंत तीन जणांना भेटतो. कोणाला भेटतो ते फासे ठरवतात. एका फाशावर ओळ बघायची, दुसऱ्यावर रकाना. भेट झाली की नाणं उडवायचं. छापा पडला तर समोरच्याला लागण झाली, काटा पडला तर तो वाचला. तिन्ही भेटी झाल्या की जुना रुग्ण बरा होतो. त्याच्या चौकोनावर फुली मारायची, कारण त्याला हा फ्लू पुन्हा होणार नाही. मग नव्या लाल चौकोनांची पाळी. एकही लाल चौकोन उरला नाही की साथ संपली.

गेल्या मे महिन्यात माझे दोन भाचे सुट्टीला आले होते. एका दुपारी आम्ही हा खेळ बारा वेळा खेळलो. नऊ वेळा निम्म्याच्या आसपास गाव आजारी पडलं, कधी पंधरा जण, कधी चोवीस. तीन वेळा मात्र साथ दोन-चार जणांतच विझली. धाकट्याने पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "मावशी, आपण नियम तर बदलले नाहीत. मग या वेळी साथ आलीच कशी नाही?"

संगणकावर साथींचा अभ्यास करणारे लोक दिवसरात्र याच प्रश्नाशी झुंजत असतात. तोच विषाणू, तेच गाव, तीच माणसं, तरी एकदा साथ पेटते आणि एकदा विझते. आपल्या खेळाचं गणित मोठ्या गावासाठी मांडलं तर शंभरातल्या सुमारे चोवीस वेळा साथ सुरुवातीलाच मरते, असं उत्तर येतं. पहिल्याच रुग्णाचे तिन्ही काटे पडले, की खेळ खलास. म्हणून एकदा खेळून काही कळत नाही. शेकडो वेळा खेळावं लागतं आणि मग 'काय होईल' यापेक्षा 'किती वेळा काय होतं' हे बघावं लागतं. संगणकावरचं सिम्युलेशन म्हणजे मुळात हेच: नियम ठरवून गाव आखायचं, साथ सोडायची आणि पुन्हा पुन्हा खेळायचं.

खेळात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. रुग्ण तिघांना भेटतो आणि निम्म्या वेळा लागण होते, म्हणजे एक रुग्ण सरासरी दीड नवे रुग्ण तयार करतो. साथरोगशास्त्रात याला 'आर' म्हणतात. दीड हा आकडा किरकोळ वाटतो. गोवराचा आर बारा ते अठरा मानला जातो, त्यापुढे फ्लू म्हणजे काहीच नाही. पण फ्लूची ताकद त्याच्या घाईत आहे. एकाला लागण झाल्यापासून त्याच्याकडून दुसऱ्याला होईपर्यंत साधारण तीनच दिवस जातात. मोठ्या शहरात दीडचा आर आणि तीन दिवसांची पिढी धरली, तर महिन्याभरात दहाव्या पिढीत एकाचे सुमारे ५८ होतात आणि दोन महिन्यांत विसाव्या पिढीत ३,३०० च्या वर. पहिला महिना कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या महिन्यात दवाखान्याबाहेर रांग लागते.

आता खेळ सुरू करण्याआधीच बारा चौकोनांवर फुल्या मारा. या बारा जणांनी लस घेतली. रुग्णाच्या तीन भेटींपैकी सरासरी एक भेट आता लस घेतलेल्याशी होते आणि वाया जाते. उरलेल्या दोनांतली निम्मी लागते, म्हणजे एकाचा एकच रुग्ण. साथ वाढत नाही, रेंगाळते आणि संपते. किंवा लस बाजूला ठेवा आणि तीनऐवजी दोनच भेटी होऊ द्या. उत्तर तेच येतं. लस, शाळा बंद ठेवणं, आजाऱ्याने घरी राहणं हे उपाय दिसायला वेगळे असले तरी गणितात ते एकाच ठिकाणी घाव घालतात.

मुंबईच्या नोंदी

साथींच्या गणिताची जी चौकट आज जगभर वापरली जाते, तिच्या मुळाशी मुंबईतले आकडे आहेत. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं मेली, याची नोंद तेव्हा ठेवली गेली होती. एकवीस वर्षांनी, १९२७ मध्ये, एडिंबराच्या दोन शास्त्रज्ञांनी तीच नोंद आपल्या निबंधात वापरली. त्यातले अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. दुसरे विल्यम कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांची दृष्टी गेली होती. पुढचं गणित त्यांनी डोक्यात केलं.

त्यांनी समाजाचे तीन भाग पाडले: ज्यांना लागण होऊ शकते ते, आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. आपल्या पानावरचे कोरे, लाल आणि फुलीचे चौकोन ते हेच. त्यांनी दाखवून दिलं की साथ संपायला सगळे जण आजारी पडावे लागत नाहीत. कोरे चौकोन एका मर्यादेखाली गेले की लाल चौकोनाला नवा गडी सापडेनासा होतो. गावात काही माणसं शेवटपर्यंत सुखरूप राहतात, यात नशिबाइतकाच या गणिताचाही हात असतो.

मुंबईच्या आकड्यांवर त्यांची वक्ररेषा सुरेख बसली. पण पुढच्या अभ्यासकांनी इथेच एक खोट दाखवली. मुंबईचा प्लेग उंदरांच्या पिसवांमधून माणसांत येत होता आणि दरवर्षी ठरावीक मोसमात उसळत होता. रेषा खाली आली ती कोरे चौकोन संपले म्हणून नव्हे, त्यामागे मोसमाचा हात होता. आकड्यांवर रेषा बसली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, हा धडा या शास्त्राला पहिल्याच पाठात मिळाला. तो वारंवार उजळावा लागतो.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉवेल रीड आणि वेड हॅम्पटन फ्रॉस्ट हे दोन प्राध्यापक विद्यार्थ्यांना रंगीत गोट्यांनी साथ शिकवत होते. एक रंग निरोगी माणसांचा, एक आजाऱ्यांचा, एक बरे झालेल्यांचा. गोट्या मिसळायच्या, ओळीने लावायच्या, कोण कोणाला लागून आला ते बघायचं आणि पुढची पिढी मोजायची. संगणक यायच्या आधीचं हे हातचं सिम्युलेशन. आपली वही त्याच घराण्यातली.

अठ्ठावीस कोटींचं गाव

छत्तीस चौकोनांत सगळी माणसं सारखी आहेत. खऱ्या गावात तसं नसतं. घरातल्या माणसाशी गाठ रोज पडते, वर्गातल्या मुलाशी सहा तास, भाजीवाल्याशी दोन मिनिटं. ही विषमता खेळात आणायची, तर फासे आणि नाणं पुरत नाही. तिथे संगणक येतो.

पहिलं काम असतं माणसं घडवण्याचं. जनगणना सांगते की अमक्या भागात इतकी घरं आहेत, घरात सरासरी इतकी माणसं, इतकी मुलं, इतके म्हातारे. संगणक या बेरजांशी जुळतील अशी खोटी कुटुंबं रचतो. त्यातलं एकही माणूस खरं नसतं, पण सगळी मिळून शहर खऱ्यासारखं असतं. मग मुलांना जवळच्या शाळेत घालतात, मोठ्यांना कामाच्या ठिकाणी पाठवतात. कोण किती लांब प्रवास करतो तेही नोंदींवरून ठरवतात. त्यानंतर घड्याळ सुरू होतं. दर वेळी प्रत्येक निरोगी माणसासाठी संगणक हिशेब करतो: आत्ता याच्या आसपास किती आजारी आहेत, किती वेळ, किती जवळ? त्यावरून लागण होण्याची शक्यता काढतो आणि मग मनाने एक आकडा उचलतो. हेच त्याचं नाणं. दीड-दोन दिवस विषाणू आत वाढतो, मग माणूस इतरांना देऊ लागतो. काही जण अंथरुणाला खिळतात, काहींना साधी शिंकही येत नाही, तरी ते थोडाफार रोग पसरवतात. संगणकात हे सगळं नियम म्हणून लिहिलेलं असतं.

२००६ मध्ये टिमोथी जर्मन, काय काडाऊ, आयरा लाँगिनी आणि कॅथरीन मॅकन यांनी अमेरिकेची २०००च्या जनगणनेतली सगळी लोकसंख्या, २८ कोटी १० लाख माणसं, अशी एकेक करून संगणकात उतरवली. काम झालं लॉस अलामॉसच्या महासंगणकावर. त्यांनी वापरलेला मूळ प्रोग्राम पदार्थातल्या अणूंच्या हालचाली मोजण्यासाठी लिहिलेला होता. अणूंच्या जागी माणसं बसवली आणि दिवस-रात्र अशा बारा-बारा तासांच्या पावलांनी साथ चालवली. दिवसा माणसं शाळेत, कामावर, रात्री घरी.

पण कोण कोणाला किती भेटतं, हे मुळात कळणार कसं? त्यासाठी कागद-पेन्सिलच लागते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या आठ देशांतल्या ७,२९० लोकांनी एका दिवसाची डायरी लिहिली: आज मी कोणाशी बोललो, त्याचं वय काय, स्पर्श झाला का, किती वेळ. एकूण ९७,९०४ भेटी जमल्या. माणसं बहुतेक वेळा आपल्याच वयाच्या माणसांत असतात आणि शाळकरी मुलं सर्वांत जास्त भेटतात, हे त्यातून स्वच्छ दिसलं. फ्लूच्या साथीत शाळांचा विषय पहिला का निघतो, त्याचं उत्तर या डायऱ्यांत आहे.

उगमापाशी गाठायचं

२००५ साली आग्नेय आशियात कोंबड्यांमधला एच५एन१ हा बर्ड फ्लू माणसांना होत होता आणि झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दगावत होते. माणसाकडून माणसाकडे तो सहज जात नव्हता, पण उद्या जाऊ लागला तर? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या नील फर्ग्युसन यांच्या गटाने थायलंड आणि त्याच्या सीमेलगतचा पट्टा मिळून ८ कोटी ५० लाख माणसांचा देश संगणकात उभा केला. लाँगिनी यांच्या गटाने थायलंडच्या ग्रामीण भागातल्या पाच लाख माणसांचा. दोन्ही निबंध ऑगस्ट २००५ मध्ये एकाच वेळी आले आणि दोघांचं उत्तर एकाच दिशेचं होतं. पहिले काही डझन रुग्ण असतानाच साथ ओळखली, रुग्णांच्या आसपासच्या सगळ्या लोकांना विषाणूविरोधी औषध दिलं, शाळा आणि कामाची ठिकाणं बंद केली, तर साथ जागच्या जागी विझवता येईल. फर्ग्युसन यांच्या हिशेबात अट अशी होती की आर १.८ च्या खाली हवा आणि औषधाचे ३० लाख कोर्स तयार हवेत. त्याच महिन्यात टॅमिफ्लू हे असं औषध बनवणाऱ्या रोश कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेला ३० लाख कोर्स देण्याचं जाहीर केलं.

या विचाराशी महाराष्ट्राचा संबंध लगेचच आला. भारतातली कोंबड्यांमधली एच५एन१ची पहिली साथ १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाली, ती नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. तिथे तीन किलोमीटरच्या वर्तुळातल्या कोंबड्या मारल्या गेल्या आणि त्याबाहेरच्या पट्ट्यावर पाळत ठेवली गेली. माणसांत एकही लागण सिद्ध झाली नाही. नवापूरच्या कुक्कुटपालकांनी त्या आठवड्यांत आपलं सगळं भांडवल खड्ड्यात गाडलेलं पाहिलं. उगमापाशी साथ रोखण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कुठल्याही मॉडेलच्या बाहेरचा आहे आणि तो सोडवल्याशिवाय मॉडेलचा उपाय गावात चालत नाही. भरपाईची खात्री नसेल तर मेलेली पहिली कोंबडी कोण दाखवेल?

शाळा, सीमा आणि वेळ

उगमापाशी जमलं नाही तर पुढे काय? २००६ मध्ये फर्ग्युसन यांच्या गटाने ब्रिटन आणि अमेरिकेचा हिशेब मांडला. त्यातले दोन निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात.

पहिला सीमा बंद करण्याबद्दल. प्रवास ९९ टक्क्यांहून जास्त रोखला, तरच साथ दोन-तीन आठवड्यांहून अधिक लांबणीवर पडते. इतका कडक बंदोबस्त करून एवढंच? कारण वहीवर करून बघण्याइतकं सोपं आहे. बाहेरून येणारे रुग्ण शंभराचा एक केले. पण आत शिरलेल्या त्या एकाचे दर तीन दिवसांनी दुप्पट होत गेले, तर एकाचे शंभर व्हायला सुमारे वीस दिवस लागतात. शंभरपट प्रयत्नातून मिळाले वीस दिवस. ते वीस दिवस लस पोहोचवायला किंवा खाटा वाढवायला वापरले तर सार्थकी लागले, नाहीतर फुकट गेले.

दुसरा शाळांबद्दल. साथ शिगेला असताना शाळा बंद ठेवल्या तर शिखर ४० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतं, पण एकूण आजारी पडणाऱ्यांची संख्या फारशी घटत नाही. ऐकताना विसंगत वाटतं. पण रुग्णालयात वीस खाटा असतील आणि शंभर रुग्ण एका आठवड्यात आले तर ऐंशी जण दारात राहतात. तेच शंभर पाच आठवड्यांत वीस-वीस करून आले तर प्रत्येकाला खाट मिळते. आकडा तोच, मरणाऱ्यांची संख्या वेगळी.

त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेचे रॉबर्ट ग्लास यांचा निबंध आला. त्याचं बीज त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या विज्ञान प्रकल्पात होतं आणि तीही निबंधाची सहलेखक होती. त्यांनी दहा हजार वस्तीचं एक गाव आखलं. १९५७च्या साथीसारख्या फ्लूत शाळा बंद केल्या आणि मुलांना खरोखर घरी ठेवलं, तर लागण ९० टक्क्यांहून जास्त घटते, असं उत्तर त्यांना मिळालं. फर्ग्युसन यांचं उत्तर इतकं आशादायक नव्हतं. शाळेबाहेर मुलं कुठे जातात, याबद्दल दोघांनी धरलेली गृहीतकं वेगळी होती. शाळेला सुट्टी देऊन मुलं मैदानात, बाजारात आणि शेजाऱ्यांकडे जमली, तर ती सुट्टी साथीला लागू पडत नाही.

गृहीतकं पारखायची ती इतिहासावर. १९१८च्या फ्लूत फिलाडेल्फियात २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक निघाली आणि शाळा-चर्च बंद व्हायला ऑक्टोबर उजाडला. सेंट लुईसमध्ये ५ ऑक्टोबरला नागरिकांत पहिले रुग्ण नोंदले गेले आणि दोनच दिवसांत सभा, शाळा, थिएटरं बंद झाली. २००७ मध्ये अभ्यासकांनी जुन्या नोंदी काढून ताडून पाहिल्या. साथीच्या शिखरावर फिलाडेल्फियात लाखामागे आठवड्याला २५७ जण मेले, सेंट लुईसमध्ये ३१. उपाय जवळजवळ तेच होते. फरक होता तो आधी आणि नंतरचा.

पुण्यातला तो ऑगस्ट

एप्रिल २००९ मध्ये नवा फ्लू आला, पण मॉडेलांनी ज्या दिशेला डोळे लावले होते तिकडून नव्हे. तो डुकरांमधून आलेला एच१एन१ होता आणि पहिल्यांदा मेक्सिकोत, अमेरिकेत सापडला. ओळख पटली तेव्हा तो उगमावरून केव्हाच निसटला होता. २७ एप्रिललाच जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की त्याला जागीच रोखणं आता शक्य नाही. थायलंडसाठी केलेला हिशेब चुकलेला नव्हता. त्याची पहिलीच अट, लवकर ओळखण्याची, पुरी झाली नव्हती. मेक्सिकोतल्या आकड्यांवरून मे महिन्यातच आर १.४ ते १.६ असावा असा अंदाज आला. आपल्या खेळातला दीड तो हाच. विमानप्रवासाची जगभरची माहिती भरलेल्या मॉडेलने उत्तर गोलार्धात साथ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच शिगेला जाईल, नेहमीच्या हिवाळी मोसमाची वाट पाहणार नाही, असं सांगितलं. पुष्कळ देशांत तसंच झालं आणि लस हाती येईपर्यंत शिखर जवळ आलेलं होतं.

भारतातला या फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. एक शाळकरी मुलगी गेली. मी तेव्हा पुण्यात होते. दोन दिवसांत औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. स्कूटरवरून जाणारी माणसं तोंडाला रुमाल बांधून जात होती. शेजारच्या आजींनी मला कापूर आणि वेलचीची पुरचुंडी करून दिली होती आणि दर तासाला हुंगायला सांगितलं होतं. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा होत्या. शाळा, महाविद्यालयं, चित्रपटगृहं बंद झाली. २३ ऑगस्टला गणपती बसणार होते आणि घराघरांत एकच चर्चा: यंदा गर्दीत जायचं की नाही?

त्या दिवसांत मला पहिल्यांदा जाणवलं की रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जो प्रश्न पडतो, तोच संगणकाला विचारता येतो. शाळा एक आठवडा बंद ठेवायची की तीन? घरात एकाला ताप आला तर बाकीच्यांनी कामावर जायचं का? या प्रश्नांना मत असतं, भीती असते, अफवाही असतात. पण त्यांना हिशेबही असतो आणि तो साथ यायच्या आधी करून ठेवता येतो.

आपलं गाव कसं आखायचं

अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं मॉडेल उचलून मुंबईवर बसवता येत नाही. सहा जण एका खोलीत राहतात तिथे 'रुग्णाने वेगळ्या खोलीत राहावं' हा उपाय लिहायचा तरी कसा? १९१८ मध्ये मुंबईत जूनमध्ये गोदीच्या बाजूने शिरलेला फ्लू सप्टेंबरमध्ये उग्र होऊन परतला आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं मेली. त्या साथीचे मुंबईतले आकडे जातवार नोंदले गेले होते. तेव्हाच्या दप्तराच्या भाषेत 'खालच्या जातीचे' म्हटलेल्या हिंदूंमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी ६१.६ होतं, युरोपियनांमध्ये ८.३. शहर एक, विषाणू एक. घर, हवा, पोटातलं अन्न आणि डॉक्टरचं अंतर मात्र वेगळं.

हा फरक मॉडेलमध्ये उतरवण्याचं काम २०१६ मध्ये दिल्लीसाठी झालं. व्हर्जिनिया टेकमधल्या गटाने १ कोटी ३८ लाख दिल्लीकरांचं कृत्रिम शहर रचलं आणि त्यात झोपडपट्ट्यांचे २९८ भाग वेगळे दाखवले. तिथे घरात माणसं जास्त, भेटी जास्त. झोपडपट्ट्या वेगळ्या न दाखवता चालवलेली साथ आणि दाखवून चालवलेली साथ ताडून पाहिली तेव्हा दुसरीत रुग्ण जास्त निघाले आणि शिखर लवकर आलं. झोपडपट्टीत शहराची तेरा टक्केच माणसं होती, तरी फरक सगळ्या शहराला पडला. वस्तीतली मंडळी शहरभर कामाला जातात. शहराला झाडणारे, रांधून घालणारे, ने-आण करणारे हात तिथलेच. नकाशावर रेघ मारून विषाणू अडत नाही.

मुंबईतही पुढे, कोविडच्या काळात, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने चोवीस प्रभागांचं शहर संगणकात मांडलं. त्यात झोपडपट्टी आणि इमारती वेगळ्या होत्या आणि लोकलचे डबेही होते. जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत रक्त तपासलं गेलं तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली आणि इमारतींत १६ टक्के. सरासरीच्या एका आकड्यात ही दोन शहरं दिसलीच नसती.

इथे एक सावधगिरी हवी. १६ मार्च २०२० रोजी फर्ग्युसन यांच्या गटाने जुन्या फ्लूच्या प्रोग्रामवरून कोविडचा हिशेब मांडला: काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू. अनेकांनी तेवढंच वाचलं आणि पुढे 'भाकीत चुकलं' म्हणून बोट दाखवलं. पण वाक्याचा पहिला भाग 'काहीच केलं नाही तर' हा होता आणि ते वाचूनच पुष्कळ काही केलं गेलं. धरण फुटेल असं सांगितल्यावर दरवाजे उघडले आणि धरण वाचलं, तर सांगणाऱ्याला खोटं ठरवायचं नसतं. त्याचे नियम, त्याचा प्रोग्राम उघड असावा, इतरांनी तो चालवून बघावा, ही मागणी मात्र रास्त आहे. ती झाली आणि तो प्रोग्राम खुला झाला.

झाकलेले चौकोन

एच५एन१ची काळजी अजून सरलेली नाही. अशोका विद्यापीठातले फिलिप चेरियन आणि गौतम मेनन यांनी 'भारतसिम' या आपल्याकडच्या प्रणालीवर तमिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातलं एक गाव आखलं. कुक्कुटपालनाचा हा मोठा पट्टा. गावात ९,६६७ माणसं, घरं, शाळा, कामाची ठिकाणं आणि कोंबड्यांकडून माणसाला झालेली पहिली लागण. त्यांच्या हिशेबात दोनच रुग्ण दिसत असताना त्यांच्या घरच्यांना अलग ठेवलं, तर साथ जवळजवळ नक्की आटोक्यात येते. दहा रुग्ण दिसेपर्यंत थांबलं, तर ती तोवर आजूबाजूला पसरलेलीच असते. दोन आणि दहा यांच्यामध्ये फ्लूच्या वेगाने काही दिवसांचंच अंतर आहे.

त्या दुपारी भाच्यांबरोबर खेळताना आम्हाला सगळं पान दिसत होतं. लाल चौकोन कुठे आहे, कोरे किती उरले, एका नजरेत कळत होतं. खरी साथ येते तेव्हा पानावरचे चौकोन झाकलेले असतात. कोणता लाल आहे ते संगणकाला ठाऊक नसतं, मंत्रालयालाही नसतं. तालुक्याच्या दवाखान्यात या आठवड्यात तापाचे आणि श्वासाच्या त्रासाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आले, हे पहिल्यांदा तिथल्या डॉक्टरला कळतं. पोल्ट्रीवर काम करणाऱ्याला चार दिवस ताप आहे, हे आशाताईला कळतं. त्यांनी ते लिहिलं, वर कळवलं आणि नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पोहोचला, तर एक चौकोन उघडतो.

१९०५च्या डिसेंबरात मुंबईत मृत्यूंची वही भरणाऱ्या कारकुनाला आपण पुढच्या शतकाचं गणित लिहितो आहोत, याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. त्याने आठवडा चुकवला नाही, इतकंच. आजही आपल्या गावाचं मॉडेल किती खरं निघेल, ते महासंगणकाच्या वेगाआधी त्या वहीवर ठरतं. तिसऱ्या रुग्णाची नोंद तिसऱ्या दिवशी झाली की तेराव्या, एवढाच प्रश्न असतो. धाकट्या भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने पान उलटं करून ठेवलं आणि म्हणाला, "मग आता न बघता खेळू. फक्त दोन चौकोन उघडायचे." बरेच डाव आम्ही तसे खेळलो. बहुतेक हरलो. जे जिंकलो त्यांत दुसरा लाल चौकोन आम्हाला लवकर सापडला होता.